आमदार पडला तरी दावा पडत नाही

(सुरगाणा तालुक्यातील एका पाड्यावर एप्रिल २०२३ मध्ये झालेल्या कार्यकर्ता बैठकीत संघटनेच्या एका तरुण कार्यकर्तीने केलेले भाषण. बोलली तसेच लिहून काढले आहे.)



राब भाजायचे दिवस आहेत, तरी तुम्ही काम टाकून आलात. म्हणून फार लांबण लावणार नाही. मला आज विषय दिला आहे 'आमदाराचं काम'. विषय ऐकून कुणीतरी हसलं मघाशी. हसा. पण हा विषय मीच मागून घेतला आहे, कारण गेली तीन-चार वर्षं पाड्यापाड्यावर फिरताना मला एकच प्रश्न ऐकू येतो. दाव्याची फाईल काढायला बसलं की कुणीतरी म्हातारा म्हणतो, "पोरी, गावित तर पडले. आता आपले कागद कोण काढणार?" आणि फाईल परत पत्र्याच्या पेटीत जाते. एका पाड्यावर तर पाच घरांच्या फाईली मी पेटीतच बघितल्या, वाळवी लागलेल्या.

या प्रश्नाला नीट उत्तर द्यायचं तर गावितांचंच काम पूर्ण बघावं लागेल. आपली संघटना त्यांच्या पक्षाची नाही. त्यांची स्तुती करायला मी उभी नाही आणि त्यांना खाली पाडायलाही नाही. पण आदिवासी आमदार म्हणजे काय, त्याच्याकडून काय होतं आणि काय होत नाही, हे शिकायचं असेल तर आपल्या तालुक्यात यापेक्षा मोठा धडा दुसरा नाही.

कॉम्रेड जीवा पांडू गावित. आपल्याच तालुक्यातल्या अलंगुणचे. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे, किसान सभेचे, लाल बावट्याचे. सात वेळा आमदार. १९७८, १९८०, १९८५, १९९० असे सलग चार वेळा सुरगाण्यातून. १९९५ ला पडले. १९९९ आणि २००४ ला परत निवडून आले. मग मतदारसंघांची फेररचना झाली, सुरगाण्याची वेगळी जागा गेली, आपण कळवणला जोडले गेलो. २००९ ला कळवणमधून पडले, २०१४ ला कळवणमधूनच निवडून आले, २०१९ ला परत पडले. त्याच २०१९ ला दिंडोरीतून लोकसभेलाही उभे होते, तिथंही हरले.

या यादीत एक गोष्ट बघण्यासारखी आहे. हा माणूस तीनदा पडला आणि दोनदा पडून परत उठला. पडल्यावर दुसऱ्या पक्षात गेला नाही. आपल्याकडं निवडणूक झाली की आमदार कुठल्या पक्षात आहे हे सकाळचा पेपर बघून ठरवावं लागतं. त्या मानानं ही गोष्ट लहान नाही.

आता १९७८ सालाबद्दल थोडं जास्त बोलते, कारण आपल्या जमिनीची गोष्ट त्याच सालाला येऊन अडते. माझ्या वयाच्या पोरांना ती माहीत नाही. मलाही नव्हती, संघटनेत आल्यावर कळली.

आपले आजे-पणजे दळी कसत होते, नागली-वरई-खुरासणी घेत होते. राखीव जंगल नकाशावर इंग्रजांनी आखलं, आणि स्वातंत्र्यानंतर तीच रेघ जंगलखात्यानं पुढं चालवली. रेघेच्या आत ज्याचं शेत आलं तो अतिक्रमणवाला झाला. आपण त्याला 'प्लॉट' म्हणतो, ते म्हणतात अतिक्रमण. शेत तेच, नांगर तोच. गार्ड यायचा, उभ्या पिकात गुरं सोडायचा, विळे-कोयते उचलून न्यायचा, दंड करायचा. म्हाताऱ्यांना विचारा, कोंबडी न देता कुणाचा खटला मिटला का ते.

तर १९७८ च्या फेब्रुवारीत विधानसभेची निवडणूक झाली, गावित पहिल्यांदा निवडून आले. आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात सरकारनं ठराव काढला, की १ एप्रिल १९७२ ते ३१ मार्च १९७८ या काळात जे वनजमीन कसत होते त्यांची जमीन नियमित करायची. हा ठराव एकट्या आमदारानं आणला असं कुणी सांगितलं तर मानू नका. दुष्काळाच्या त्या वर्षांत ठाणे, धुळे, नाशिक, सगळीकडं आदिवासी जमिनीसाठी उठले होते. शहाद्याकडं उठले, डहाणू-तलासरीकडं तर १९४५ पासून, शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या काळापासून, वारली लाल बावटा घेऊन उभे होते. सरकारला काही द्यावं लागलं ते त्यामुळं.

पण ठराव निघाला आणि पुढं काय झालं? पुरावा मागितला. कसला पुरावा? तर जंगलखात्यानं केलेल्या दंडाची पावती. म्हणजे ज्यानं मार खाल्ला आणि पावती घेतली त्याचा हक्क लागला. ज्यानं गार्डला कोंबडी देऊन पावती चुकवली, त्याचं नाव गेलं. आपल्या आज्याला वाटलं, दंड वाचला. त्या वाचलेल्या दंडानं दोन पिढ्यांची जमीन कागदावरून घालवली. त्यात १९८० मध्ये केंद्राचा वनसंवर्धन कायदा आला आणि दार आणखी बंद झालं. दंडाची पावती सोडून दुसरा पुरावाही बघा, हे सरकारला सांगायला १९९५ साल उजाडलं आणि सुप्रीम कोर्ट लागलं. तेसुद्धा ठाण्याकडच्या आदिवासींची संघटना कोर्टात गेली म्हणून.

आता हिशोब करा. १९७८ ते १९९५ या सतरा वर्षांत सुरगाण्याचा आमदार बहुतेक काळ आपल्यातलाच होता, लाल बावट्याचा होता, जमिनीवर बोलणारा होता. तरी दंडाच्या पावतीची अट विधानसभेतून सुटली नाही. का नाही सुटली?

विधानसभेत २८८ आमदार. त्यातल्या आदिवासींसाठी राखीव जागा २५. या पंचवीसही जणांनी एका तोंडानं जमीन मागितली असती, तर कुठल्याही सरकारला ऐकावं लागलं असतं. पण पंचवीस जण चार-पाच पक्षांत वाटलेले. राखीव जागेवर आपल्या मतानं निवडून जायचं आणि सभागृहात पक्षाचा आदेश बघून हात वर करायचा. २०१४ ते २०१९ मध्ये गावित त्यांच्या पक्षाचे विधानसभेतले एकटेच आमदार होते. एकटा माणूस प्रश्न विचारू शकतो, लक्षवेधी मांडू शकतो, मंत्र्याच्या दालनात जाऊ शकतो. मत मोजायची वेळ आली की एक तो एकच.

मग एकटा आमदार काय करतो? दोन रस्ते असतात. एक, सत्तेवाल्यांशी जुळवून घ्यायचं, पाड्याला एखादा रस्ता, एखादं समाजमंदिर आणायचं, त्यावर स्वतःच्या नावाची पाटी लावायची. दुसरा रस्ता गावितांनी आणि किसान सभेनं धरला. आमदार सभागृहात एकटा असेल, तर सभागृहाच्या दाराशी माणसं आणायची.

मार्च २०१६ मध्ये नाशिकला सीबीएस चौकात शेतकरी दोन दिवस बसून राहिले, शहर थांबलं. आणि ६ मार्च २०१८ ला त्याच चौकातून लाँग मार्च निघाला. इथं बसलेल्या निम्म्या घरांतून कुणी ना कुणी त्यात होतं. माझी आई होती. मी नव्हते, माझी बारावीची परीक्षा चालू होती.

आईनं सांगितलेलं थोडं सांगते, कारण पेपरात फोटो आले पण या गोष्टी आल्या नाहीत. प्रत्येक गावानं आपला शिधा आपण नेला होता. तांदूळ, डाळ, मिरची, जळण. टेम्पो पुढं जायचा, मुक्कामाला चुली पेटायच्या. कसारा घाट उतरताना चपला गेल्या, कुणाच्या पट्ट्या तुटल्या, कुणाचे तळवे सोलून निघाले. आईच्या गटात एक मावशी होत्या, त्यांनी लुगड्याची पट्टी फाडून पायाला बांधली आणि तशाच चालल्या. सहा दिवस, नाशिक ते मुंबई. हजारोंनी माणसं. आणि आमदार गावित त्यांच्यात. डॉ. अशोक ढवळे, डॉ. अजित नवले, किसन गुजर, नरसय्या आडम हे किसान सभेचे आणि पक्षाचे पुढारीही होते.

११ मार्चला रात्री सगळे सायनजवळ सोमय्या मैदानावर पोचले. सकाळी तिथून आझाद मैदानाला निघायचं ठरलं होतं. पण दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर होता. दिवसा एवढी माणसं रस्त्यावर आली तर मुंबईची पोरं परीक्षेला कशी पोचणार? म्हणून झोप न काढता मध्यरात्रीनंतर सगळे उठले आणि अंधारात चालत गेले. आई म्हणाली, "तुझी बी परीक्षा होती ना, मग त्यांच्या पोरांची नको बिघडवायला." पायाला फोड आलेली अडाणी बाई शहरातल्या पोरांच्या पेपराचा विचार करते. मुंबईच्या लोकांनी मग पाणी दिलं, बिस्किटं दिली, चपला दिल्या. ज्या शहरात आपण बिगारी म्हणून जातो तिथं त्या दिवशी लोक रस्त्याच्या कडेला थांबून आपल्याला बघत होते.

१२ तारखेला सरकारनं चर्चा केली. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस होते. लेखी आश्वासन मिळालं. वनहक्काचे दावे सहा महिन्यांत निकाली काढू, असं त्यात होतं. रात्री खास रेल्वेगाड्या सोडून लोकांना परत पाठवलं.

सहा महिने गेले. तुम्हाला माहीत आहे काय झालं ते. काही दावे मंजूर झाले, मोजणीच्या गाड्याही फिरल्या, सगळंच खोटं होतं असं मी म्हणणार नाही. पण तीन एकर कसणाऱ्याला वीस गुंठ्यांचं प्रमाणपत्र, असे कागद हातात आले. कुणाचं नाव चुकलं, कुणाचा गट नंबर चुकला. फेब्रुवारी २०१९ मध्ये परत मोर्चा निघाला, नाशिकबाहेर पोचतो तोवर मंत्री गिरीश महाजन परत लेखी कागद घेऊन आले. आणि त्याच महिन्यात, १३ फेब्रुवारीला, सुप्रीम कोर्टाचा आदेश झाला होता, की ज्यांचे दावे नामंजूर झाले त्यांना जंगलातून काढा. २८ फेब्रुवारीला त्याला स्थगिती मिळाली. तेवढे पंधरा दिवस किती घरांत नीट झोप लागली नाही ते मला आठवतं.

मग ऑक्टोबरात निवडणूक, आणि गावित पडले. ज्या माणसाबरोबर मुंबईपर्यंत चाललो त्यालाच दीड वर्षात पाडलं, असं बाहेरचे लोक आपल्याला हिणवतात. मला त्याचं फार नवल वाटत नाही. कळवण भागात बागायत आहे, कांदा आहे, तिथले प्रश्न वेगळे, तिथली घराणी वेगळी, आणि मतदानाच्या आदल्या रात्री काय वाटलं जातं ते तुम्हाला मी सांगायला नको. पण आपल्या डोंगरातसुद्धा मतं फुटली, ते का फुटली याचा विचार करायला हवा.

मी पोरांशी बोलले. एक जण म्हणाला, "ताई, मोर्चा चांगला. पण माझ्या पाड्यावर उन्हाळ्यात पाणी नाही, बाळंतीण डोलीत न्यावी लागते, त्याचं काय?" याला मी काय उत्तर देऊ? आपल्या तालुक्यात पाऊस पडतो तो कोसळतो. नार, पार, अंबिका, औरंगा, सगळ्या नद्या आपल्या डोंगरातून निघतात आणि गुजरातला, समुद्राला जातात. आणि चैत्रात आपल्या बाया हंडा घेऊन झऱ्यावर रांगेत. चार महिन्यांपूर्वी, डिसेंबरात, आपल्याच तालुक्यातल्या काही गावांनी तहसीलदारांना निवेदन दिलं, की आम्हाला गुजरातला जोडा, तिकडं निदान रस्ता आणि दवाखाना तरी आहे. मुंबईत त्याची चर्चा झाली, महाराष्ट्राचा अपमान वगैरे. आपल्यातला कोण दुखण्याला धरमपूर-वांसदाला जात नाही? सात वेळा आपला आमदार निवडून गेला आणि तालुक्यावर ही वेळ आली. याचा दोष एका माणसावर टाकणं सोपं आहे. सत्ता त्यांच्या पक्षाची कधीच नव्हती, निधी सत्तेवाल्यांच्या हातात. तरीही प्रश्न उरतोच, आणि तो त्यांना तोंडावर विचारायचा हक्क आपल्याला आहे. मला वाटतं, जमिनीच्या लढ्यात लोक जसे उभे केले, तसे पाण्यासाठी आणि दवाखान्यासाठी पाड्यापाड्यावर उभे केले गेले नाहीत. ही कामं आमदार करेल म्हणून आपणही बसून राहिलो.

आणखी एक कडू गोष्ट. एक मोठा पुढारी असला की बाकीचे लहान राहतात. कागद वाचायचा तो त्यानं, साहेबाशी बोलायचं ते त्यानं. चाळीस वर्षांत आपल्यातून कागद वाचणारी किती माणसं तयार झाली? मी बारावी शिकले तरी वनहक्काचा नियम पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा तीन दिवस लागले एक पान कळायला. पण कळलं.

आता या वर्षीचं. मागच्या महिन्यात, मार्च २०२३ ला, दिंडोरीहून परत लाँग मार्च निघाला. पुढं गावितच. या वेळी आमदार नव्हते, माजी आमदार होते. मागण्या होत्या: कसत असलेली चार हेक्टरपर्यंतची वनजमीन कसणाऱ्याच्या नावे करा, सातबाऱ्यावर कब्जेदार म्हणून नाव लावा, कांद्याला भाव द्या, आणि इतरही. सरकार बदललेलं, मुख्यमंत्री एकनाथ शिंदे. तरी मंत्री वाटेत भेटायला आलेच. विधानभवनात बैठक झाली. आणि लोक वासिंदला थांबून राहिले. नुसत्या शब्दावर उठले नाहीत, सभागृहात निवेदन होऊन पुढची हालचाल दिसेपर्यंत तिथंच मुक्काम. त्या मुक्कामात एक शेतकरी भाऊ गेला. घरी परत आला नाही. त्याची आठवण ठेवा. १८ मार्चला मार्च मागं घेतला. कांद्याला क्विंटलमागं साडेतीनशे रुपये अनुदान जाहीर झालं, मागितले होते सहाशे. वनजमिनीसाठी समिती जाहीर झाली, तिच्यात डहाणूचे आमदार विनोद निकोले आणि माजी आमदार गावित यांची नावं आहेत.

म्हणजे बघा, २०१८ ला ते आमदार होते, मंत्री आले. २०२३ ला आमदार नव्हते, तरी मंत्री आले. मंत्री कुणाला बघून आले? घाटातल्या रांगेला बघून आले.

आता त्या म्हाताऱ्या बाबांच्या प्रश्नाकडं येते. "गावित पडले, आता कागद कोण काढणार?"

वनहक्क कायदा २००६ चा. त्याच्या पहिल्या मसुद्यात १९८० च्या आधीपासून कसणाऱ्यालाच हक्क होता. देशभरच्या आदिवासी संघटना आणि डावे पक्ष दिल्लीत भांडले तेव्हा ती तारीख १३ डिसेंबर २००५ झाली. या कायद्यात दावा कुणाकडं जातो? पहिल्यांदा ग्रामसभेकडं. ग्रामसभेनं निवडलेली वनहक्क समिती, दहा ते पंधरा जणांची, त्यात दोन तृतीयांश आदिवासी आणि एक तृतीयांश बाया पाहिजेत. ती जागेवर जाऊन पाहणी करते, ग्रामसभा ठराव करते. तिथून प्रांताच्या उपविभागीय समितीकडं. तिथून कलेक्टरच्या जिल्हा समितीकडं. या दोन्ही समित्यांत अधिकारी असतात आणि जिल्हा परिषदेनं नेमलेले तीन-तीन लोकप्रतिनिधी असतात. आमदार कुठं आहे यात? कुठंच नाही. दाव्याच्या फॉर्मवर आमदाराच्या सहीची जागाच नाही. तुमच्या फाईलीत आमदाराचं शिफारसपत्र असेल तर ते काढून ठेवा, त्याला पुरावा म्हणून किंमत नाही.

किंमत कशाला आहे ते सांगते, पोरांनी लिहून घ्या. कमीत कमी दोन पुरावे लागतात. जुनी दंडाची पावती किंवा खटल्याचा कागद असेल तर सोनं आहे. नसेल तर घाबरू नका. दावा करणाऱ्याला सोडून दुसऱ्या म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाब, हा नियमात धरलेला पुरावा आहे. शेतातली जुनी ताल, बांध, विहीर, झोपडीचं जोतं, जुनी झाडं, देवाची जागा, पुरलेल्या माणसाचा दगड, हे जागेवरचे पुरावे आहेत, पंचनाम्यात लिहून घ्या. म्हणून मी म्हणते, म्हातारी माणसं आहेत तोवर जबाब घ्या. मागच्या पावसाळ्यात एका पाड्यावरची आजी गेली, आठ दाव्यांची साक्षीदार होती. तिचा जबाब कुणी लिहून घेतला नव्हता.

ज्यांना एकरांच्या ऐवजी गुंठे मिळाले त्यांच्यासाठी. कार्यालयात सांगतात, "उपग्रहाच्या फोटोत एवढंच दिसतं." २०१२ च्या सुधारित नियमात स्पष्ट आहे, की उपग्रहाचा फोटो बाकीच्या पुराव्याला जोड म्हणून वापरायचा, बाकीच्या पुराव्याच्या बदल्यात नाही. हे वाक्य पाठ करा आणि तिथं म्हणून दाखवा. दावा नामंजूर केला किंवा क्षेत्र कमी केलं तर कारण लेखी कळवावं लागतं, दावेदाराला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. उपविभागीय समितीच्या निर्णयावर जिल्हा समितीकडं साठ दिवसांत अपील करता येतं. मे २०२० मध्ये राज्यपालांनी काढलेल्या अधिसूचनेमुळं आता जिल्हा समितीच्या निर्णयावरही विभागीय समितीकडं जाता येतं. साठ दिवस कधी सुरू होतात? निर्णयाच्या तारखेपासून. म्हणून निर्णय तोंडी ऐकून घरी येऊ नका. पोच मागा, तारीख टाकून घ्या. आणि चौकशी पूर्ण होईपर्यंत कुणालाही कसत्या जमिनीवरून काढता येत नाही, हेही कायद्यातच आहे. गार्ड खड्डे खणायला आला तर बायांनी पुढं व्हावं आणि हे कलम विचारावं. चार, पोटकलम पाच.

बायांनो, एक तुमच्यासाठी. प्रमाणपत्र नवरा-बायको दोघांच्या नावानं निघतं, तो तुमचा हक्क आहे. नुसतं नवऱ्याचं नाव टाकून आणलेला कागद दुरुस्तीला द्या. नवऱ्याला राग आला तर माझं नाव सांगा.

मग आमदाराचं काम काय? आहे, आणि पुढच्या वर्षी मतं मागायला येतील तेव्हा विचारायचं आहे. आपला तालुका पाचव्या अनुसूचीत येतो. राज्यात जनजाती सल्लागार परिषद असते, तिच्यात तीन चतुर्थांश सभासद आदिवासी आमदार असतात. वनहक्कावर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या समितीत याच परिषदेतले तीन आदिवासी सभासद जातात. उमेदवाराला विचारा: तुम्ही त्या परिषदेत गेलात तर काय मांडाल? आपल्या तालुक्यातले किती दावे कुठल्या टेबलावर पडून आहेत, हा प्रश्न सभागृहात पहिल्याच अधिवेशनात विचाराल का, आणि उत्तर आम्हाला पाड्यावर आणून वाचून दाखवाल का? पक्षाचा आदेश एक आणि आदिवासींची जमीन एक असं झालं तर हात कुठं वर कराल? गावितांनाही विचारा, ते उभे राहिले तर. त्यांना प्रश्न विचारलेला चालतो, एवढं तरी त्यांच्याबद्दल म्हणता येईल. सभेत उभं राहून त्यांना उलट बोलणारी माणसं मी बघितली आहेत, आणि त्यांनी बसून ऐकून घेतलेलंही बघितलं आहे.

वेळ झाला, चुलीवरचा भात शिजला असेल. १ मे ला ग्रामसभा आहे. ग्रामसेवक भाऊसाहेब विषयपत्रिकेत वनहक्काचा विषय घालतो म्हणतात आणि विसरतात, म्हणून आठ दिवस आधी लेखी अर्ज द्या, मी मसुदा आणला आहे. ग्रामसभेला निम्मी माणसं हजर पाहिजेत, त्यात एक तृतीयांश बाया, नाहीतर दाव्याचा ठराव धरत नाहीत. जे द्राक्षाच्या कामाला दिंडोरी-निफाडला गेलेत त्यांना निरोप धाडा, एक दिवसाची मजुरी बुडाली तरी या म्हणावं. येताना पेटीतली फाईल आणा, वाळवी लागलेली असली तरी आणा. झेरॉक्सचे पैसे संघटना बघेल. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्याजवळ दहावी-बारावीची पोरं बसतील. मागं भिंतीला टेकून बसलेल्यांनो, तुमच्याबद्दल बोलते मी. जाताना या वहीत नावं लिहा.